या नमुन्यात बदल करू नये

निवृत्त माणसाच्या घरी लोक दोन कारणांनी येतात. एक, लग्नाची पत्रिका द्यायला. आणि दुसरे, कागद वाचून घ्यायला. केंद्र सरकारच्या एका खात्यात, लेखा शाखेत, बत्तीस वर्षे कलम झिजवून मी २०१० साली हिंगोलीत घरी बसलो. तेव्हापासून पत्रिकांपेक्षा कागदच जास्त येतात. कोणाला हयातीचा दाखला भरून हवा असतो, कोणाची विम्याची पावती हरवलेली असते. चहा आमचा, चष्मा आमचा, आणि वर पुन्हा "काका, तुम्हांला काय, बसल्या बसल्या होऊन जातं" हे ऐकायचे! आमच्या सौभाग्यवती म्हणतात, "नोकरीत होतात तेव्हा निदान संध्याकाळी सुटत तरी होतात."

२०२४ सालच्या आषाढातली गोष्ट सांगतो. त्या वर्षी गुरुपौर्णिमा रविवारी आली होती. एकादशी होऊन चार दिवस झालेले, बाहेर पावसाची भुरभुर, आणि मी ओसरीवर वर्तमानपत्र घेऊन बसलेला. इतक्यात वसमतहून माझी भाची आणि जावईबापू आले. भाची माझ्याच जुन्या खात्यात २०१२ पासून नोकरीला आहे. हातात पेढ्यांचा पुडा होता. वाकून नमस्कार करीत म्हणाली, "मामा, जमाखर्च मला तुम्ही शिकवलात. आज तुमच्या पाया पडल्याशिवाय कसं राहू?"

मी पुष्कळच फुगलो, हे कबूल केले पाहिजे. परंतु तोंडातला पेढा विरघळतो न विरघळतो तोच तिच्या पिशवीतून एक कागद बाहेर निघाला. तो होता तिचा फॉर्म नंबर १६.

पगारदारांच्या घरात या कागदाची ओळख करून द्यायला नको. मालकाने वर्षभरात पगार किती दिला, त्यातून आयकर किती कापला, याचा हा दाखला. पहिल्या भागात कापून सरकारात भरलेला कर असतो. दुसऱ्या भागात पगार कसा मोजला आणि त्यातून काय काय वजा केले, त्याची मांडणी असते. आपण सारे पहिल्या भागातला शेवटचा आकडा पाहतो, उसासा टाकतो आणि कागद कपाटात ठेवून देतो. दुसरा भाग वाचणारा मनुष्य मला अजून भेटायचा आहे, असे मी त्या दिवसापर्यंत म्हणत असे.

जावईबापूंनी तो वाचला होता. ते नांदेडला एका खाजगी कंपनीत आहेत आणि हिशेबाला पक्के आहेत. म्हणाले, "मामा, हिला न मिळालेला पगार हिच्या नावावर दाखवलाय. महिन्याला पंचाहत्तर हजार म्हणजे वर्षाचे नऊ लाख. बारा पावत्या मी स्वतः मिळवून पाहिल्या. आणि हा कागद म्हणतो, पगार १०,१७,६००! हे वरचे १,१७,६०० आले कुठून? घरात तर एक पैसा आला नाही."

भाची म्हणाली, "तो सरकारचा हिस्सा असेल. आमच्या पेन्शनच्या खात्यात जातो तो."

"मग माझी कंपनीसुद्धा माझ्या फंडात पैसे भरते," जावईबापू म्हणाले. "माझ्या कागदावर त्यांचं नावसुद्धा नाही. तुझ्याच कागदावर का?"

गाडीत बसल्यापासून हा वाद चालला असावा. मी चष्मा पुसला. वाचकहो, जावईबापूंचा प्रश्न रास्त होता, आणि त्याचे उत्तर पुष्कळांच्या घरात उपयोगी पडण्यासारखे आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

त्या दिवशी आमच्या ओसरीवर म्हातारपणाच्या तरतुदीच्या तीन तऱ्हा समोरासमोर बसल्या होत्या. पहिली तऱ्हा माझी. आमचा सर्वसाधारण भविष्य निर्वाह निधी म्हणजे आमचेच पैसे. सरकार त्यावर व्याज देई, हिस्सा घालीत नसे. पेन्शन मिळायचे ते निराळे. त्यामुळे कागदावर ओळ एकच: आमची बचत, ती करातून वजा. दुसरी तऱ्हा जावईबापूंची. १९५२ च्या कायद्याखालचा त्यांचा प्रॉव्हिडंट फंड. पगाराचे बारा टक्के ते भरतात, तेवढेच कंपनी भरते. कंपनीचा हिस्सा बारा टक्क्यांच्या आत असला तर आयकराचा कायदा त्याला त्या वर्षीचे उत्पन्नच मानीत नाही. म्हणून त्यांच्या फॉर्मात तो मिळवलेला नाही आणि म्हणून वजाही केलेला नाही.

तिसरी तऱ्हा भाचीची. केंद्र सरकारात १ जानेवारी २००४ पासून आणि महाराष्ट्र सरकारात १ नोव्हेंबर २००५ पासून जे नोकरीला लागले, त्यांना आमच्यासारखे पेन्शन मिळाले नाही. त्यांच्यासाठी अंशदानाची योजना आली. मूळ पगार आणि महागाई भत्ता यांच्या दहा टक्के नोकराने भरायचे. सरकारही आधी दहाच टक्के भरीत असे. १ एप्रिल २०१९ पासून ते चौदा टक्के भरू लागले. या हिश्शाबाबत १९६१ च्या आयकर कायद्याचा रिवाज जावईबापूंच्या फंडाहून अगदी निराळा. सरकारने किंवा कोणत्याही मालकाने या पेन्शन खात्यात भरलेली रक्कम आधी तुमचा पगार म्हणून पगारात मिळवायची, आणि मग कलम ८० सीसीडी (२) खाली वजा करायची.

आत फोडणी देत असलेल्या सौभाग्यवतींनी तिथूनच विचारले, "वजाच करायची तर मुळात मिळवायची कशाला?"

प्रश्न फोडणीइतकाच खमंग होता. मी म्हटले, "वजा करायला मर्यादा आहे म्हणून. सरकारी नोकराला पगाराच्या चौदा टक्क्यांपर्यंत. मालकाने त्याहून जास्त भरले, तर जास्तीचे वजा होत नाहीत, त्यावर कर बसतो. आधी पगारात घेतल्याशिवाय जास्तीचे किती ते दिसणार कसे?"

जावईबापूंच्या घरी हळद पिकते. त्यांना मी त्यांच्याच भाषेत सांगितले, "वसमतच्या बाजारात पोत्यासकट वजन करतात की नाही? मग बारदान वजा करतात आणि राहील त्या हळदीचे पैसे होतात. सरकारचा हिस्सा हे बारदान. काट्यावर चढणारच. पाहायचं एवढंच, की नंतर ते वजा झालं का."

जावईबापू हसले. "म्हणजे वजा झालं नाही, तर घेणाऱ्याला गोणपाट हळदीच्या भावानं पडलं!"

"बरोबर," मी म्हटले आणि ऐटीत पान उलटून वजावटींचा तक्ता काढला. ८० सीसीडी (२) ची ओळ सापडली. तिच्यासमोर शून्य होते.

पुन्हा पाहिले. शून्यच. काट्यावर १,१७,६०० चढवले होते, आणि उतरवले काहीच नव्हते. मग ते गेले कुठे? भाचीने फॉर्मासोबत कचेरीचे गणनापत्रक आणले होते, ते उघडले. तिथे हरवलेले पैसे सापडले. तिचे स्वतःचे अंशदान ८४,०००, सरकारचा हिस्सा १,१७,६००, विम्याचे हप्ते ३६,०००, मुलीच्या सुकन्या खात्यात भरलेले ८०,०००, हे सारे एका महिरपी कंसात घालून बेरीज मांडली होती ३,१७,६००. पुढे लिहिले होते, 'कमाल मर्यादा १,५०,०००'. म्हणजे दीड लाखाच्या पोत्यात सव्वातीन लाखांच्या आसपासचा माल कोंबला होता. मावला तेवढा मावला, बाकीचा सांडला. सरकारचा हिस्सा त्या पोत्यात घालायचाच नव्हता. त्याची ओळ वेगळी, मर्यादा वेगळी.

"कोणी बनवलं हे पत्रक?" मी गरजलो. "इतकी साधी गोष्ट कळू नये?"

भाची काही बोलेना. पेढ्याच्या पुड्याचा दोरा बोटाला गुंडाळत बसली. मग हळूच म्हणाली, "मामा, आमच्याकडं हे पत्रक मी लागल्यापासून असंच आहे. त्याच्या तळाशी एक ओळ आहे, ती वाचा ना."

मी वाचली. 'या नमुन्यात बदल करू नये.'

"ही ओळ तुमची आहे, असं सगळे सांगतात," ती म्हणाली.

ओळ माझीच होती. २००८ साली मी हा नमुना हाताने आखून दिला होता. त्या काळी नव्या योजनेतली पोरे थोडी होती आणि प्रत्येक कारकून आपापल्या मनाने त्यांचे हिशेब मांडी. कोणी ओळ गाळी, कोणी दोनदा घेई. एके दिवशी वैतागून मी एकच नमुना केला आणि खाली ती ओळ ठोकून दिली. त्या वेळी नमुना अगदी बिनचूक होता, हे मी शपथेवर सांगेन. तेव्हा कायद्यानेच सरकारचा हिस्सा आणि आपली बचत, दोन्ही मिळून एक लाखाची मर्यादा होती. मी २०१० साली निवृत्त झालो. पुढच्याच वर्षी, २०११ च्या वित्त कायद्याने, २०११-१२ या वर्षापासून मालकाचा हिस्सा त्या मर्यादेबाहेर काढला. २०१४-१५ पासून लाखाचे दीड लाख झाले. तो आकडा कोणीतरी बदलला. २०१९ साली दहाचे चौदा टक्के झाले, तोही बदलला. २०१५-१६ पासून आपल्या अंशदानावर वेगळे पन्नास हजार वजा करायची सोय कलम ८० सीसीडी (१बी) मध्ये आली; तिच्यासाठी नमुन्यात जागाच नव्हती आणि ती कोणी केली नाही. आकडे बदलायला कोणाला भीती वाटली नाही. आखणी बदलायला मात्र माझी ओळ आडवी आली.

आणि आणखी एक आठवले, ते सांगायला अवघड वाटते. नवी पोरे विचारीत, "साहेब, हा सरकारचा हिस्सा आमच्या कागदावर कशाला?" तेव्हा मी म्हणे, "तुमच्या हातात येत नाही ना? मग तुम्हांला काय करायचंय? सही करा." पोरे सही करून जात. प्रश्न विचारायचा नसतो, हेही मीच शिकवले होते.

सौभाग्यवतींनी पोहे आणून ठेवले आणि काही न बोलता आत गेल्या. त्या बोलल्या असत्या तर बरे वाटले असते.

पोहे निवू दिले आणि कोरा कागद घेतला. जुन्या पद्धतीने मांडले. पगार १०,१७,६००. प्रमाणित वजावट ५०,००० आणि व्यवसाय कर २,५०० वजा. विमा, सुकन्या आणि तिच्या अंशदानातले ३४,००० मिळून बरोबर दीड लाख वजा. तिच्या अंशदानातले उरलेले ५०,००० वेगळ्या सोयीखाली वजा. तेच पैसे दोनदा घ्यायचे नसतात, पण वाटून घेता येतात. आणि शेवटी सरकारचा हिस्सा १,१७,६०० वजा. उरले ६,४७,५००. त्यावर कर, अधिभारासह, ४३,६८०. कचेरीने कापला होता ७८,५४०. फरक ३४,८६०. त्यातले २४,४६० एकट्या त्या शून्याचे होते.

जावईबापू म्हणाले, "मामा, नव्या पद्धतीनं मांडून पाहू या का?" नव्या करपद्धतीत विमा नाही, सुकन्या नाही, व्यवसाय कर नाही, आपले स्वतःचे अंशदानही नाही, यांतले काहीच वजा होत नाही. प्रमाणित वजावटीखेरीज तिच्या कागदावरची एकच वजावट तिथे टिकते, आणि ती म्हणजे मालकाचा हिस्सा. मांडले. १०,१७,६०० मधून ५०,००० आणि १,१७,६०० गेले; राहिले ८,५०,०००. त्या वर्षीच्या दराने कर ४१,६००. म्हणजे २,०८० रुपये आणखी कमी!

"मग सुकन्याचे ऐंशी हजार भरायचे कशाला?" जावईबापूंनी पेन्सिल खाली ठेवली. "करात तर उपयोग नाही."

भाचीने मान वर केली. "ते मी मुलीसाठी भरते. करासाठी नाही भरत."

यावर जावईबापू काही बोलले नाहीत आणि मीही बोललो नाही. हिशेबनिसांनी गप्प बसावे अशा काही जागा असतात.

दुसऱ्या दिवशी सोमवारी छत्री घेऊन मी तिच्याबरोबर कचेरीत गेलो. चौदा वर्षांनी त्या पायऱ्या चढलो. माझ्या खुर्चीवर आता एक पोरसवदा कारकून बसतो. त्याने उठून स्वतःची खुर्ची मला दिली. नमुना संगणकात होता, पण आखणी तीच, कंस तोच, तळाची ओळ तीच. मी चूक दाखवताच तो पांढराफटक पडला. म्हणाला, "साहेब, मला दोन वर्षांपूर्वीच शंका आली होती. फॉर्मात वेगळी ओळ आहे आणि आपण तिथं शून्य टाकतो, असं वाटायचं. पण नमुना तुमचा, म्हणून हात लावला नाही."

मी त्याला काय सांगणार? म्हटले, "तुझी शंका माझ्या नमुन्यापेक्षा शहाणी होती."

त्याच्या वरिष्ठांनी समजूतदारपणे घेतले. पगारावर कापलेल्या कराचे तिमाही विवरणपत्र, ज्याला २४क्यू म्हणतात, ते दुरुस्त करून पुन्हा भरायचे आणि दुरुस्त फॉर्म १६ द्यायचा, असे ठरले. त्याला वेळ लागणार होता आणि विवरणपत्र भरायची मुदत ३१ जुलै. म्हणून भाचीने पगाराच्या बारा पावत्या आणि पेन्शन खात्याचा वर्षाचा उतारा पुरावा म्हणून फायलीत लावून ठेवला आणि मुदतीच्या आत नव्या पद्धतीने 'सहज' भरून टाकले. दसऱ्याच्या आधी ३६,९४० रुपये परत तिच्या खात्यात आले.

इथे गोष्ट संपली असती तर मी ती या पानावर हसत हसत सांगितली असती. पण मागची वर्षे होती. तिची पहिली वर्षे लहान पगाराची; सरकारचा हिस्सा धरूनही मर्यादेचे पोते भरत नसे, तेव्हा नुकसान नव्हते. २०१६-१७ मध्ये मुलीचे खाते उघडले आणि तेव्हापासून दरवर्षी थोडे थोडे सांडू लागले. मागची विवरणपत्रे सुधारून द्यायची मुदत केव्हाच संपून गेली होती. त्यानंतर जे अद्ययावत विवरणपत्र भरता येते, त्यात जास्तीचा कर भरता येतो, परतावा मागता येत नाही. उरला एकच मार्ग: उशीर माफ करावा असा खात्याकडे अर्ज, आणि तोही आकारणी वर्ष संपल्यापासून पाच वर्षांच्या आत, ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकाने ती मुदत सहाची पाच केली. म्हणजे २०१८-१९ पासूनच्या पाच वर्षांसाठी अर्ज करता आले. त्याआधीची दोन वर्षे गेली ती गेली. आणि अर्ज केला म्हणजे मिळालेच असे नव्हे. अडचण खरी होती हे पटवून द्यावे लागते.

त्या कचेरीत भाचीसारखे आणखी सात जण निघाले. त्या दिवाळीत आमच्या ओसरीवर फराळापेक्षा अर्जांचीच ताटे जास्त मांडली होती. सातांचेही मसुदे मी स्वतःच्या हाताने लिहिले. प्रत्येकात एक वाक्य घातले, की ही चूक अर्जदाराची नसून कचेरीच्या जुन्या नमुन्यामुळे झाली. तो नमुना कोणाचा, हे लिहायला अर्जात रकाना नव्हता. म्हणून आज इथे लिहितो.

वाचकहो, ऐन दिवाळीत मी कराची कटकट काढली, याचा राग मानू नका. चकली तळून होईपर्यंत एवढेच करा. घरातल्या पगारदार माणसाचा कागद कपाटातून काढा. पेन्शन योजनेत असाल तर मालकाचा हिस्सा पगारात मिळवला आहे का, तो पाहा. मिळवला असेल तर तोच आकडा वजावटीच्या त्याच्या स्वतःच्या ओळीत आहे का, तेही पाहा. दोन्हीकडे असला पाहिजे. मिळवलेला नसताना वजा केला असेल, तर आज आनंद वाटेल, पण तीही चूकच, आणि पुढे नोटीस येईल ती तुमच्या नावाने येईल. नुसता प्रॉव्हिडंट फंड असेल, तर मालकाचा बारा टक्क्यांपर्यंतचा हिस्सा कागदावर नसणे हेच बरोबर. आणि कागदावरचा आकडा पेन्शन खात्याच्या उताऱ्याशी ताडून पाहा, म्हणजे पैसे खरोखर तिथे पोहोचले का, तेही कळेल. १९६१ च्या कायद्याच्या जागी २०२५ चा कायदा आला आहे, अंमल १ एप्रिल २०२६ पासून. कलमे ५३६; जुने सगळे आकडे बदलले. अशा वेळी जुने नमुने फार जपून वापरावे लागतात, हे माझ्याइतके कोणाला ठाऊक असणार!

त्या कारकुनाने फायलीच्या तळातून माझा २००८ सालचा मूळ कागद शोधून मला आणून दिला. पिवळा पडला आहे, पण अक्षर अजून सुरेख दिसते. मी शेवटच्या ओळीवर रेघ मारली आणि खाली लिहिले, 'हा नमुना दर १ एप्रिलला नव्याने तपासावा. शंका आल्यास विचारावे.' सही केली.

सौभाग्यवतींनी खांद्यावरून वाकून पाहिले आणि म्हणाल्या, "तारीख घाला. नाहीतर हेही पन्नास वर्षं चालवतील."

तारीख घातली.